डाळिंबी दोरा

२ फेब्रुवारी

वन्सं,

‘वन्सं’ म्हटलं की तुझं नाक फुगतं, म्हणून मुद्दाम पहिल्याच ओळीत घालून टाकलं. आता पुढचं शांतपणे वाच.

हे काल पहाटे बोट घेऊन गेले. दक्षिणेच्या खडकांकडे ट्यूना लागलाय अशी बातमी आहे. तुझं बेट पश्चिमेला, तेव्हा यंदाही वाकडी वाट करून बहिणीला भेटणं काही होत नाही. बरोबर नेहमीचेच दोघे, म्हातारा खलाशी आणि त्याचा जावई. तीन आठवड्यांत येतो म्हणालेत.

निघताना रेनकोटावरून आमचं वाजलं. टोपीची शिवण पार उसवली होती आणि ती यांनी निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्यापुढे टाकली. दुकानात निळा दोरा संपलेला. शाळेच्या गणवेशांवर बिल्ले शिवायला आणलेला डाळिंबी दोरा तेवढा होता, तोच दुहेरी करून टोपी पक्की जोडून दिली. पिवळ्याधमक कोटावर डाळिंबी शिवण. म्हणाले, “मासे धरायला चाललोय, लग्नाला नाही.” मी म्हटलं, “मासे काही रंग बघून पळत नाहीत.” तर म्हणतात, “तुझ्या नणंदेला विचार. रंग कुणाला दिसतो आणि कुणाला नाही, ते ती सांगेल.” आणि तीच टोपी डोक्यावर ओढून गेले.

सोबत तुझी हिरवी कडी पाठवतेय. बोटीवरच्या जुन्या डिझेलच्या नळीच्या चकत्या यांनी अंगणात बसून कापल्या आणि प्रत्येक कडा कानशीनं घासली. मी म्हटलं, एवढं लाडानं माझ्यासाठी कधी काही घासलं नाहीत. पक्ष्यांच्या पायाला टोचायला नको म्हणे.

आईंचे गुडघे तसेच आहेत. रोज विचारतात, ती पोर तिथे खाते तरी काय. मी सांगते, पक्षी ओकतात ते.

तुझी,
वहिनी

१८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नाक फुगलं. पत्र मात्र दोनदा वाचलं.

कडी इतकी गुळगुळीत आहेत की पक्ष्यांच्या आधी मीच एक बोटात घालून पाहिलं. ज्या घरट्यांवर माझं लक्ष आहे, फक्त त्यांच्याच आईबापांच्या डाव्या पायात ती घातली आहेत. दादाला सांग, समुद्रावर कुठेही हिरवं कडं दिसलं, तर समजायचं की याचं पिल्लू माझ्या दाराशी भुकेलं बसलंय.

आईला दिलेलं उत्तर फारसं चुकीचं नाही. ओकलेलं मी खात नाही, एवढंच. हे पक्षी बदकापेक्षा थोराड, पांढरे, पंखांची टोकं काळी. शास्त्रात त्यांना भारदस्त नाव आहे, पण आमचे दीपगृहाचे दिवेवाले काका त्यांना ‘भोळे’ म्हणतात, कारण माणूस हातभर अंतरावर आला तरी ते उडत नाहीत, मान वाकडी करून बघत राहतात. अंड्यावर बसतही नाहीत, उभे राहतात. बोटांमधल्या पडद्यात रक्त खेळतं, त्याची ऊब अंड्याला पुरते. अंडी दोन, वाढवतात एकच. दुसरं अडीनडीला. पहिलं पिल्लू धडधाकट निघालं की तेच धाकट्याला घरट्याबाहेर रेटतं आणि आईबाप शेजारी उभे राहून बघतात. हे दादाला सांगू नकोस. लहानपणी त्यानं मला हौदात ढकललं होतं, ते तो शास्त्राच्या नावावर खपवेल.

पिल्लू आईबापाच्या घशात मान खुपसून खातं. संध्याकाळी ते जेवलं की मी त्याला उचलते, ते घाबरून माझ्या मांडीवर ओकतं, मी चिमट्यानं निवडून बघते, वजन करते आणि त्याचं त्याला परत भरवते. कुठला मासा, किती विरघळलेला, यावरून भोळा कुठवर जाऊन आला ते कळतं.

यंदा लक्षण ठीक नाही. पाणी गरम आहे. भोळ्याला खोल बुडी मारता येत नाही. खालून ट्यूनानं लहान माशाला वर रेटलं, तरच याच्या चोचीत काही पडतं. ट्यूना यंदा लांब गेलाय. सकाळी गेलेला जोडीदार दुसऱ्या दिवशी येतो, कधी तिसऱ्या. दुसरा तोवर उन्हात पिल्लावर सावली धरून उभा. उपाशी. शेवटी एके दिवशी तोही उठतो, आणि मग त्या पिल्लाचं काय होतं ते लिहीत नाही.

बाबा गेले तेव्हा मी मोसम अर्ध्यात टाकून आले होते. पोचले तोवर सगळं उरकलं होतं, आणि इकडचं कामही हातचं गेलं. यंदाही हे काम अपुरं राहिलं, तर मला पुन्हा इथे कुणी पाठवणार नाही. म्हणून उरलेल्या पिल्लांपैकी एक जरी उडालं तरी मी दिवेवाल्यांच्या खोलीत नाचणार आहे. त्यांना तशी कल्पना दिली आहे.

तुझी (आणि वन्सं वगैरे कुणी नाही)

४ मार्च

वन्सं,

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. हे आले, दोन दिवस राहिले आणि परत गेले. मासा बरा मिळाला. तब्येत ठीक आहे. तुझी आठवण काढत होते. कड्यांचं सांगितलं, हसले.

दुकानात काम भरपूर आहे. आई बऱ्या आहेत, हल्ली कमी बोलतात.

तुझा तो सावली धरून उभा राहणारा पक्षी माझ्या डोक्यातून जात नाही. एक विचारते. जोडीदार फार उशिरा आला तर उभा असलेला त्याला ओळखतो का? का रागानं चोच मारतो? आणि आता तो यायचा नाही, हे याला कधी कळतं? सांगायला अवघड असेल तर राहू दे.

अजून एक. शेजारच्या बाईंचा भाऊ विचारत होता. दक्षिणेच्या खडकांपाशी या दिवसांत एखादं लाकूड पाण्यात पडलं, मोठं, तर ते वाहत कुठे जाईल? तू प्रवाहांच्या नोंदी ठेवतेस म्हणून तुला विचारायला सांगितलं. घाई नाही त्यांना. पण परतीच्या बोटीनं नक्की लिही.

जिवाला जप. आईंनी पाठवलेल्या मोज्यांचा जोड सोबत आहे. तिथे मोजे कशाला, असं विचारू नकोस, त्यांचे हात त्यात गुंतलेले असतात तेच बरं.

तुझी,
वहिनी

१७ मार्च

प्रिय वहिनी,

दादा लबाड आहे. आधी तेच लिहिते, कारण गेले दहाबारा दिवस मी संतापलेली आहे.

सहा-सात तारखेपासून माझ्या सात घरट्यांतली पिल्लं भलतंच काही ओकायला लागली. बांगड्याचे तुकडे. भोळा मासा अख्खा गिळतो, तुकडे करत नाही. म्हणजे हे कुणीतरी गळाला लावायचं आमिष समुद्रात फेकलंय. आणि कुणी फेकलंय ते मला एका नजरेत कळलं. सगळे तुकडे उलटे तिरके कापलेले. सुरी डाव्या हातात धरून शेपटीकडून असं कापणारा माणूस मी जगात एकच पाहिलाय, आणि त्यासाठी त्यानं बाबांच्या किती शिव्या खाल्ल्या तेही पाहिलंय. ‘दक्षिणेला चाललो’ म्हणे. गुपचूप इथे आसपास येऊन मासे मारतोय आणि सख्ख्या बहिणीला हात दाखवायलाही येत नाही. कंजूषही झालाय. आमिष खारवून वाळवलेलं आहे, बर्फावर पैसे नकोत म्हणून असेल.

एवढ्यावर मी हसून सोडलं असतं. पण प्रत्येक तुकड्याला दोरा गुंडाळलेला आहे, वहिनी. डाळिंबी रंगाचा, दुहेरी, गाठ मारलेला. मासा पोटात विरघळतो, दोरा विरघळत नाही. सहा पिल्लांच्या घशातून मी तो चिमट्यानं ओढून काढला. सातवं मला सापडलं तेव्हा दोरा जिभेच्या मुळाशी आवळला होता आणि ते मेलं होतं. अडीच महिन्यांचं होतं. त्याचे आईबाप अजून त्या जागेवर मासा घेऊन येतात आणि उभे राहतात. दादा घरी आला की त्याला हे असंच्या असं वाचून दाखव. स्वतःच्या हातानं कडी घासतो, आणि त्याच पक्ष्यांना दोरा चारतो. मी त्याच्याशी बोलणार नाही.

आता तुझे प्रश्न. उशिरा आलेल्याला तो ओळखतो. भांडत नाही. मान उंच करून ओरडतो, आणि आलेला कुठूनतरी एक खडा चोचीत धरून त्याच्या पायाशी ठेवतो. त्या खड्याचा काही उपयोग नसतो. मग दुसराही एक ठेवतो. तो यायचा नाही हे कधी कळतं, याचं उत्तर मला माहीत नाही. मला वाटतं, कळतच नाही. भूक उठवते.

शेजारणीच्या भावाला सांग, या महिन्यात दक्षिणेकडचं सगळं वाहत आमच्याकडेच येतं आणि मग बेटाच्या खालच्या अंगानं पुढे पश्चिमेला जातं. चपला, बाटल्या, जाळ्यांचे गोळे. त्याचं लाकूड आलं तर ठेवून घेईन.

२० मार्च

पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं. तीन दिवस झाले, एकाही पिल्लाच्या घशात दोरा नाही आणि बांगडाही नाही. दादाला अक्कल आलेली दिसते, किंवा बोट भरली आणि तो घरी निघाला. तसं असेल तर हे पोचेल तेव्हा तो तुझ्यासमोर बसून जेवत असेल. त्याला जेवू दे आधी. मग वाचून दाखव.

तुझी

२२ मार्च, संध्याकाळ

बाळ,

हे पत्र पोचेपर्यंत बंदर कचेरीचा बिनतारी निरोप तुला मिळालेला असेल. तरी मला हे माझ्या हातानं लिहिलं पाहिजे. पहाटे लाँच शोधायला निघतेय, ती तुझ्या बेटाला टेकून पुढे जाईल. तिच्याबरोबर देते.

हे आले नव्हते. एकदाही नाही. पहिल्या तारखेला गेले ते गेलेच. ‘दोन दिवस राहिले, हसले’ असं मी लिहिलं ते सगळं खोटं होतं. शेजारच्या बाईंना भाऊ नाही. लाकूड म्हणजे आपली बोट.

उशीर झाला तेव्हा आधी वाटलं, होतं असं. मग लोक दुकानात कपडे न्यायला येताना हळू बोलायला लागले. दक्षिणेला दोन बोटी पाठवल्या, काही सापडलं नाही. बेटाला कळवू का, असं कचेरीतल्या साहेबांनी एकदा विचारलं होतं. बेट कुठे, खडक कुठे. मी म्हटलं, नको, ती एकटी आहे तिथे. आईंनीही शपथ घातली होती, त्या पोरीचं काम पुन्हा मोडू नका म्हणून.

ही कारणं खरी आहेत, पण पुरी नाहीत. इथे ज्याच्या त्याच्या तोंडावर हे हरवलेले दिसायचे. तुझ्या पत्रात ते हरवलेले नव्हते. ‘दादाला सांग, दादाला सांगू नकोस,’ असं तू लिहिलं होतंस. ते पत्र मी रोज दुकान उघडायच्या आधी वाचत होते. ती एकच जागा उरली होती आणि ती माझ्यानं मोडवली नाही.

आज दुपारी तुझं पत्र आलं तेव्हा एका पँटची किनार दुमडत होते. ‘उलटे तिरके कापलेले’ इथे मी उठून उभी राहिले. ‘डाळिंबी, दुहेरी’ वाचलं आणि मी अनवाणी कचेरीत गेले. तो दोरा मी शिवलेला आहे. त्यांच्या टोपीचा. तुला ते कसं कळणार, मी पहिल्या पत्रात गंमत म्हणून लिहिलं होतं आणि मधे दीड महिना गेला.

ते आमिष फेकत नव्हते. ते तुला सांगत होते.

आता काय करायचं ते तुलाच माहीत. पक्षी कुठून येतात ते सांग त्या लोकांना.

वहिनी

२४ मार्च

वहिनी,

लाँच धक्क्याला पाणी भरतेय, तेवढ्यात लिहिते. परतताना ते हे तुला देतील.

मी बरोबर जाते म्हटलं. लाँचवाले म्हणाले, तुम्ही इथेच राहा, संध्याकाळी पक्षी बघा आणि बिनतारी सेटवरून सांगत राहा, त्याचा जास्त उपयोग. त्यांचं बरोबर आहे. म्हणून जेटीवर बसून लिहितेय.

मी त्यांना हे सांगितलं. दोरा आलेल्या सातही घरट्यांचे मोठे पक्षी त्या दिवसांत आग्नेयेकडून येत होते, पाण्याला लगटून, ओझं असलं की येतात तसे. बांगड्याच्या कडा विरघळल्या नव्हत्या, म्हणजे पोटात फार वेळ नव्हता. सकाळभराच्या अंतरापेक्षा बोट लांब नसणार. सतरा तारखेनंतर प्रवाहानं ती बेटाच्या खालून पुढे नेली असेल. आता शोधायचं नैर्ऋत्येला. काल संध्याकाळी हिरव्या कड्याची एक मादी नैर्ऋत्येकडून आली, तिच्या पिल्लाच्या घशात फक्त उडते मासे होते.

दोरा का थांबला, याचा विचार मी करत नाहीये. तूही करू नकोस.

मी तुझ्यावर चिडले आहे, वहिनी. तुझ्यापाशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते. चार तारखेला तू एक ओळ खरी लिहिली असतीस, तर पहिल्या तुकड्याला मी सेटकडे धावले असते. ही चीड जाईल का मला माहीत नाही. पण स्वतःचं त्याहून सहन होत नाही. बर्फ संपलेला माणूस मासा खारवतो, हे मला दिसलं आणि मी त्याला कंजूष म्हटलं. गाठ दिसली. गाठ आपोआप पडत नाही, कुणीतरी मारतं. मी इथे पोटातल्या घासावरून समुद्र वाचते म्हणून मला पगार मिळतो.

लाँचचा भोंगा झाला. आईजवळ बस.

१ एप्रिल

बाळ,

बातमी तुला सेटवर कळली. कचेरीत तुझा आवाज मी ऐकला, पण तिथे सगळे उभे होते, म्हणून आता लिहिते.

तू म्हणालीस तिथेच बोट सापडली. खलाशी आणि त्याचा जावई वाचले. दोघे अजून उठून बसत नाहीत, पण जेवतात. हे सतरा तारखेलाच गेले. पहिल्याच आठवड्यात इंजिन बंद पडलं तेव्हा पात्यात उजवा हात सापडला होता, ते चिघळून ताप चढला. या दोघांनी त्यांना समुद्रात सोडलं. कोट ठेवला. ‘हा बाईंना द्यायचा,’ असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

म्हातारा खलाशी बोलायला लागल्यावर मी दोन दिवस त्याच्या खाटेशी बसले. तो म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

“बाई, एके दिवशी पक्ष्यांचा थवा आला. मालक एकदम उभे राहिले. म्हणाले, त्याच्या पायात बघ, हिरवं. माझी नळी आहे ती. हे माझ्या बहिणीचे पक्षी. आम्ही म्हटलं, पकडून पायाला चिंधी बांधू. टपावर येऊन बसायचे ते आम्ही पकडलेही, पण त्यांच्या पायात कडं नसायचं. मालक म्हणाले, हे बिनबिऱ्हाडाचे, हे कुठेही जातील, यांना खा तुम्ही. कडंवाले बसत नाहीत, त्यांना घरी पोर आहे. घास मिळाला की ते सरळ तिच्या दारात जातील.”

मग रोज कडंवाले आले की ते खारवलेल्या बांगड्याचे तुकडे कापायचे, टोपीची शिवण उसवून दोरा बांधायचे आणि बरोबर त्यांच्यापुढे फेकायचे. जावई भांडला. खायला तेवढंच होतं ना. यांनी स्वतःच्या वाट्याचे तुकडे फेकले, त्यांच्या वाट्याला हात लावला नाही. जावई म्हणाला, मालक, पक्ष्याच्या पोटातलं कोण बघायला बसलंय? तर हे म्हणाले, “ती बसलीय. प्रत्येकाच्या घशात बघते ती. दोरा दिसला की आधी माझ्यावर चिडेल, तुला सांगतो. पण चिडली म्हणजे वहिनीला लिहील.”

तसंच झालं, बाळ. फक्त लिहून पोचायला वेळ लागला, आणि तो वेळ मी खाल्ला. तू चिडलीस ते बरोबर आहे. ती चीड घालवायचा प्रयत्न करू नकोस, आलीस की समोर बसून बोल मला. मी ऐकून घेईन आणि उठून जाणार नाही.

हे गेल्यावर दोरा बांधायची या दोघांना शुद्ध नव्हती. उरलेल्या बांगड्यावर आणि पावसाच्या पाण्यावर ते तगले. म्हणजे तुझ्या घरट्यांत दोरा थांबला, तो त्याच दिवशी.

कोट माझ्यासमोर आहे. टोपी एका बाजूनं लोंबतेय. एकेक टाका सुईच्या टोकानं उचलावा तसा हलक्या हातानं काढलाय, कापड कुठे फाटलेलं नाही. माझ्या दुकानातली पोरंही एवढं नीट उसवत नाहीत. शेवटचा चार बोटं दोरा अजून तसाच आहे.

जावयाला पुन्हा समुद्रावर जावंच लागेल. त्याच्याकडे कोट नाही. मागायची त्याची हिंमत नाही, पण बघतो. देऊ का? आणि टोपी शिवू, का अशीच राहू दे? आईंना विचारलं तर त्या नुसत्या कोटावरून हात फिरवतात. तू सांग.

वहिनी

१६ एप्रिल

प्रिय वहिनी,

बरेच दिवस पत्र लिहायला बसत होते आणि उठत होते. आज लिहिते, कारण सकाळी पिल्लू उडालं.

पहिला दोरा ज्याच्या घशातून काढला होता, तेच. चार दिवस कड्यावर उभं राहून नुसते पंख मारत होतं. आज वारा चांगला होता, एकदम पाय सुटले आणि ते पाण्यावरून लांब गेलं. दिवेवाले माझ्याकडे बघत होते. मी नाचले नाही. ते म्हणाले, “बसा, चहा टाकतो,” आणि आम्ही दोघं चहा प्यायलो.

मेलेल्या पिल्लाचे आईबाप परवापर्यंत त्या जागी येत होते. आता येत नाहीत.

तुझ्या पत्राचं काय लिहू. तू लिहिलं असतंस तर, आणि मी नीट पाहिलं असतं तर. या दोन्ही गोष्टी रोज माझ्यासमोर येऊन उभ्या राहतात. आधी तुझी येते, मग माझी. आल्यावर बोलेन, तू म्हणतेस तसं समोर बसून. तूही मला बोल. मी त्याला शिव्या देत होते त्या दिवसांत तो त्याचा घास माझ्या पिल्लांना घालत होता, हे मी एकटीनं किती दिवस धरून ठेवणार?

दोऱ्याचे सात तुकडे या पाकिटात आहेत. मी धुतले नाहीत.

कोट त्याला दे. टोपी शिव, आणि डाळिंबी दोऱ्यानंच शिव, दुहेरी. रंग कुणाला दिसतो ते मला विचार, असं दादा निघताना म्हणाला होता ना? मला दिसला होता, वहिनी. पहिल्याच दिवशी दिसला. कुणाचा आहे ते कळलं नाही.

अजून पाच पिल्लं बाकी आहेत. ती उडाली की पहिल्या बोटीनं येते. तोवर रोज संध्याकाळी हिरव्या कड्याचे पक्षी आले की मी खाली जाते, पिल्लं उचलते, घसे बघते. उडते मासे असतात, कधी माकूळ. दोरा नसणार हे मला माहीत आहे. तरी वजन करून झालं की चिमटा परत एकदा आत घालून बघते.

तुझी,
वन्सं